धनंजय इंगवलेंचा विलंबांक

माझ्या नवऱ्याकडे चौदा प्रमाणपत्रं आहेत. दिवाणखान्याची भिंत पुरली तोवर आम्ही ती टांगली. उरलेली कपाटात माझ्या साड्यांखाली आहेत. प्रकल्पाचं नियोजन, प्रकल्पातली जोखीम, प्रकल्पातली माणसं सांभाळणं, असं त्यात काय काय आहे. धनंजय पंचवीस वर्षं प्रोजेक्ट मॅनेजर होता आणि आपल्याला या कामातलं सगळं येतं अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. माझीही होती. मग एका उन्हाळ्यात त्याची कंपनी दुसऱ्या कंपनीने गिळली, त्याची खुर्ची त्यात गेली आणि तो पुन्हा नोकरीच्या जाहिराती वाचायला बसला.

पहिलीच जाहिरात वाचून त्याने मला हाक मारली. सह्याद्रीत मोठा बोगदा खणणाऱ्या कंपनीला प्रोजेक्ट मॅनेजर हवा होता. शिक्षण: कोणतंही. अनुभव: असल्यास हरकत नाही. विलंबांक: सहा तासांच्या आत. ज्यांचा जास्त असेल त्यांनी कृपया अर्ज करून कोणाचाही वेळ घेऊ नये.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे हे काय प्रकरण आहे ते घरात समजावून सांगायचं काम माझ्यावर आलं. ते इथेही उरकून घेते.

आपल्याला एखादी वाईट बातमी कळते आणि ती कोणाला तरी सांगणं भाग असतं, तेव्हा मेंदू ते काम मिटवत नाही, उघडं ठेवतो. गॅसवर दूध ठेवून आपण बाहेरच्या खोलीत गेलो तरी एक कान स्वयंपाकघराकडे असतो, तसं. या उघड्या कामाचा परिणाम नाडीवर होतो. दोन ठोक्यांमधलं अंतर किंचित, पण ठरावीक लयीत, कमीजास्त होत राहतं. माणसाला ते जाणवत नाही. कानाच्या पाळीतून वाहणाऱ्या रक्तावर बारीक उजेड टाकला की मात्र ही लहर मोजता येते. बातमी सांगून टाकली की काही मिनिटांत ती विरते. लहर उठल्यापासून विरेपर्यंतचा काळ म्हणजे विलंब आणि अशा सगळ्या विलंबांची सरासरी म्हणजे त्या माणसाचा विलंबांक. बातमी काय आहे हे यंत्राला कळत नाही. काहीतरी सांगायचं राहिलंय, एवढंच कळतं. बायकोलाही साधारण एवढंच कळतं, पण आमच्याकडे आलेख नसतो.

शोध लावणाऱ्यांनी मग शेकडो तडीला गेलेले आणि शेकडो बोंबललेले प्रकल्प तपासले. मॅनेजरची पदवी, त्याचं इंग्रजी, त्याचं सॉफ्टवेअरचं ज्ञान, त्याने घेतलेल्या मीटिंगा, कशाचाही यशाशी म्हणावा तसा संबंध निघाला नाही. विलंबांकाचा निघाला. खांबाला तडा गेलाय हे ज्याने दुपारी कळल्यावर संध्याकाळी साहेबांना सांगितलं त्याचा पूल उभा राहिला. ज्याने योग्य वेळ बघून सांगू म्हटलं त्याचा राहिला नाही. कंपन्यांना हे पटायला वेळ लागला नाही, कारण प्रत्येक कंपनीत असा एक पूल होता.

लोकांनी लबाडीही करून पाहिली. काहींनी वाईट बातमी कानावरच येऊ नये म्हणून ईमेल उघडणं सोडलं. अशांचा आलेख सपाट येऊ लागला, तेव्हा सपाट आलेखवाल्यांनाही घ्यायचं नाही असं कंपन्यांनी ठरवलं. ज्याला वाईट काही कळतच नाही तो मॅनेजर नव्हे, पाहुणा, असं त्यांचं म्हणणं.

या यंत्राला त्याच्या निर्मात्यांनी लांबलचक नाव दिलं होतं. ते मोत्याएवढं होतं आणि उजव्या कानाच्या वरच्या कडेला बसायचं, तेव्हा पुण्यात त्याचं नाव भिकबाळी पडलं आणि तेच राहिलं. धनंजय पहिल्या दिवशी ती घालून घरी आला तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, चष्मा पुढे करून बघितलं आणि म्हणाले, "पेशव्यांकडं लागलास व्हय रं कामाला?"

आबा ऐंशीचे. कागलजवळचं आमचं गाव सोडून सासूबाईंच्या माघारी ते आमच्याकडे बालेवाडीला आले. तरुणपणी कोल्हापूरच्या तालमीत होते. अजूनही सोफ्यावर बसले की सोफा आखाडा वाटतो.

महिनाभराने धनंजयचा आकडा आला. सत्तावीस दिवस.

आधी तो म्हणाला, बॅटरी खराब असेल. मग म्हणाला, कान खराब असेल. शेवटी मी आलेख उघडला. किरकोळ बातम्या दोनतीन दिवसांत बाहेर पडत होत्या, ते एक वेळ निभावलं असतं. पण तळाशी एक जुनी लहर होती, तिच्या मंदावलेल्या लयीवरून जवळजवळ वर्षाची, आणि ती अजून चालू होती. तीच सगळा आकडा खाऊन बसली होती. नियम असा होता की जुनी बातमी एकदा सांगून टाकली की ती माफ, हिशोबातून बाद. नव्या सवयीला गुण द्यायचे, जुन्या पापाला शिक्षा नाही. चालू लहर मात्र कितीही जुनी असो, मोजली जाणारच.

नवरा, वर्षभर जुनी गोष्ट, अजून चालू. मी फिजिक्सची शिक्षिका असले तरी बायकोही आहे. त्या रविवारी मी आलेख फोनवर लावून ठेवला आणि घरभर त्याच्या मागे फिरले. मी समोर बसले, लहर शांत. मी त्याच्या ऑफिसातल्या बायकांची एकेक करून चौकशी केली, लहर शांत. खरं सांगायचं तर मला थोडा अपमानही वाटला. मग आबा चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर येऊन बसले आणि आलेख फोनच्या पडद्याबाहेर जायला निघाला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गोंडाकाका.

बाळगोंडा पाटील हे आबांचे तालमीतले जोडीदार. शिरोळकडचे. दोघांनी एकाच खोलीत दिवस काढले, एकाच कढईतलं दूध प्यायलं आणि पुढे पन्नासेक वर्षं दर रविवारी फोन करून एकमेकांच्या तब्येतीची टिंगल केली. गेल्या श्रावणात ते अचानक गेले. आबांच्या हृदयात नुकतीच स्टेंट घातली होती, म्हणून घरच्यांनी ठरवलं की आबांना एवढ्यात सांगायचं नाही. ठरवलं म्हणजे काय, इंगवल्यांच्यात ते ठरवावं लागतच नाही.

या घराण्यात वाईट बातमी सरळ सांगायची पद्धत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा मला ही भाषा शिकावी लागली. 'जरा ताप आहे' म्हणजे माणूस अतिदक्षता विभागात आहे. 'बरं नाही' म्हणजे गेला. 'बरं नाही, पण घाबरू नका, सावकाश या' म्हणजे गेला आणि तुमच्यासाठी थांबवून ठेवलाय. माझ्या चुलत सासूबाईंच्या वेळी मी हे सगळं शब्दशः घेतलं आणि भेटायला जाताना सफरचंदं घेऊन गेले. ती अजून लोकांच्या लक्षात आहेत.

गोंडाकाकांचं मला माहीत होतंच. मला कळत नव्हतं ते एवढंच की आबांनी वर्षभर त्यांना फोन कसा केला नाही. ते मी धनंजयला त्या दिवशी विचारलं. तो आधी गॅलरीत गेला. मग परत आला. मग त्याने सांगितलं.

आबा फोन करणार हा सगळ्यात मोठा धोका होता. आता धोका ओळखून आधीच उपाय योजणं, हे त्या चौदातल्या निदान तीन प्रमाणपत्रांचं सार आहे. धनंजयने उपाय योजला. त्याने आबांच्या कानावर घातलं की गोंडाकाका एका लग्नात चारचौघांत म्हणाले, 'त्या जत्रेतली कुस्ती रामूनं मारलीच नाही. त्याचं लग्न ठरलं होतं, सासरची माणसं बघायला आली होती, मला दया आली म्हणून मी आपणहून पाठ टेकली.' आबांचं नाव रामचंद्र. ती कुस्ती म्हणजे आबांच्या आयुष्याचा कळस. जत्रेतला तो फोटो आमच्या देवघराशेजारी आहे. आबांनी त्या दिवसापासून गोंडाचं नाव टाकलं. फोन बंद झाला. धोका टळला. प्रकल्प यशस्वी.

एवढा चांगला माणूस, आणि एवढं वाईट काम इतक्या नीटपणे केलेलं. मी त्याला म्हटलं, "नोकरीसाठी म्हणून नको, पण हे आबांना सांग." तो म्हणाला, सांगतो. योग्य वेळ बघून.

बोगद्याच्या कंपनीने त्याचा अर्ज ठेवून घेऊन आकडा उतरवायला दोन महिन्यांची मुदत दिली होती. एका रविवारी संध्याकाळी ती संपणार होती आणि तोवर आकडा सहा तासांच्या खाली हवा होता. धनंजयच्या वयाला दुसरी अशी संधी येणार नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं आणि घराच्या हप्त्यालाही.

पुण्यात कोणत्याही गोष्टीचा क्लास निघतो, तसे याचेही निघाले होते. आम्ही गेलो तो सिस्टर थोरातांचा. त्या तीस वर्षं अतिदक्षता विभागात परिचारिका होत्या आणि दारात उभ्या असलेल्या नातेवाइकांना सांगायचं काम डॉक्टर त्यांच्यावरच ढकलायचे. त्यांची पद्धत तीन वाक्यांची होती. माणसाला बसवा. पहिल्या वाक्यात सांगा. मग गप्प बसा. यातलं तिसरं सगळ्यात कठीण, असं त्या म्हणाल्या, आणि इंगवल्यांच्या बाबतीत पहिली दोन सुद्धा.

त्यांनी छोट्या बातम्यांपासून सुरुवात करायला सांगितली. आमच्या घराची दशा सुरू झाली ती तिथून.

धनंजयने मला सकाळी उठल्याउठल्या सांगितलं की माझ्या बहिणीने पाठवलेला चिवडा खवट झालाय. हे ठीक होतं. दुपारी सांगितलं की माझे केस मागून विरळ दिसतात. मी सिस्टर थोरातांना फोन केला. त्यांनी धनंजयला दटावलं की ही बातमी नव्हे, हे मत आहे, आणि मत पोटात ठेवलं तर कोणताही पूल पडत नाही. सोसायटीच्या सभेत त्याने उभं राहून सांगितलं की टाकी साफ करणारा माणूस गेले दोन महिने आलेलाच नाही आणि आपण सगळे ते पाणी पितोय. अध्यक्षांना ते आधीच माहीत होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. एका लग्नात बासुंदी उतरल्याचं त्याने वधूपित्याला बाजूला घेऊन, बसवून, पहिल्या वाक्यात सांगितलं आणि मग इतका वेळ गप्प उभा राहिला की वधूपित्याला ती धमकी वाटली. पण बासुंदी परत गेली आणि दोनशे माणसांची पोटं वाचली. रात्री आलेख बघितला तर ती लहर वीस मिनिटांत विरली होती. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद होता तो चौदाव्या प्रमाणपत्राच्या वेळीही नव्हता.

लोक त्याला टाळायला लागले, आणि अडचणीत असले की शोधायलाही लागले. मला तो आवडायला लागला होता. पुन्हा, असं म्हणायला हवं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या 'काही नाही'चा अर्थ काही नाही असा होता.

तळाची लहर मात्र जिथल्या तिथे. रोज तो आबांसमोर बसायचा, तोंड उघडायचा आणि पेपरातलं काहीतरी वाचून दाखवायचा. आबाही अधूनमधून आपणहून विषय काढायचे. जिन्यातल्या कुलकर्ण्यांना, इस्त्रीवाल्याला, मला, सगळ्यांना त्यांनी ऐकवलं होतं की गोंडा म्हातारपणी खोटारडा निघाला. तालमीतल्या जुन्या पोरांनाही फोन करून सांगितलं होतं. त्या पोरांनी म्हाताऱ्याला काय उत्तर द्यावं हे न कळून हो हो म्हटलं होतं.

मुदतीचा रविवार उजाडला आणि पहाटे आबांना ताप भरला. शंभर-एक. घशाला संसर्ग, असं खालच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गोळी दिली आणि ते गेले. काळजीसारखं काही नव्हतं. पण बातमी वाईट होती, आणि धनंजय आता तयार झालेला गडी. त्याने लगेच गावाकडे थोरल्या भावाला, संपतदादांना, फोन लावला. मी तिथेच उभी होते. पहिल्याच वाक्यात तो म्हणाला, "दादा, आबांना बरं नाही."

पलीकडे दादांनी टीव्ही बंद केला. मग दादांनी विचारलं, "कवा?"

"पहाटे. पाचच्या सुमारास."

"तरास झाला काय लई?"

"नाही, फारसा नाही. झोपेतच होते. आता शांत आहेत. तुम्ही घाबरू नका."

दादा म्हणाले, "बरं. निघतो." फोन ठेवल्यावर धनंजय मला म्हणाला, बघ, किती सोपं असतं. सिस्टर थोरातांनी सांगितल्याप्रमाणे तो पुढचे पाच तास गप्प बसला.

दुपारी जेवायच्या वेळेला दारावरच्या रखवालदाराचा फोन आला. शववाहिका आली आहे, ती कोणत्या इमारतीला पाठवू, असं तो विचारत होता. चुकून आली असेल, म्हणून मी त्याला सांगत होते, तोवर लिफ्टच्या बाजूने बायकांच्या रडण्याचा आवाज आला. आबांचा ताप उतरला होता. ते मऊ भात आणि मेतकूट खात बसले होते. दाराशी सगळ्यात जवळ तेच होते, तेव्हा ताटली हातात घेऊनच त्यांनी दार उघडलं.

बाहेर अख्खं इंगवले घराणं उभं होतं. ट्रॅव्हलर भरून आले होते. पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या, बायकांचे पदर डोक्यावर. संपतदादांच्या हातात कोऱ्या पांढऱ्या कापडाची घडी. रडणं मध्येच थांबलं. घरच्या भाषेत 'बरं नाही' म्हणजे काय, ते मला तेव्हा आठवलं.

आबांनी सगळ्यांकडे नीट बघून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला. ताटली माझ्या हातात देऊन त्यांनी विचारलं, "कोन गेलं?"

सगळे संपतदादांकडे बघायला लागले. शेवटी संपतदादा, कापड पाठीमागे धरत, म्हणाले, "आबा, तुमी."

हे समजायला आबांना थोडा वेळ लागला. मग ते असे हसले की ठसका लागला आणि पाच-सहा जण पाठ चोळायला धावले. सगळ्यांना त्यांनी आत घेतलं. मी कुकर लावला, धनंजय खाली जाऊन, दादांनी वाटेतूनच बोलावलेल्या शववाहिकेवाल्याला समजावून परत पाठवून आला. आबा सोफ्यावर बसून आपल्या मयताला कोण कोण आलंय ते बघत होते. त्यांना फार बरं वाटत होतं. हा आला, तो आला, सुनेच्या माहेरचा सुद्धा आला, असं ते एकेकाला जवळ बोलावून बघत होते. मग त्यांची नजर दारापर्यंत गेली आणि परत आली.

"सगळी आली," ते म्हणाले. "गोंडा तेवढा न्हाई आला. एका सबदावरनं माज्या मयताला बी न्हाई आला."

ते रागाने म्हणाले नाहीत. राग असता तर बरं झालं असतं. एवढ्या भरलेल्या घरात एक म्हातारा माणूस आपल्या मित्राने आपल्याला टाकलं म्हणून खाली बघत बसला होता. आणि त्या खोलीतल्या प्रत्येकाला, अगदी प्रत्येकाला, माहीत होतं की गोंडा का आला नाही. कोणी पंख्याकडे बघत होतं, कोणी आपल्या टोपीकडे. मी धनंजयकडे बघितलं. आलेख बघायची गरजच नव्हती. मानेवरची शीर उडताना दिसत होती.

तो उठला, आबांच्या समोर जमिनीवर जाऊन बसला आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आबा, गोंडाकाका वारले," तो म्हणाला. "गेल्या श्रावणात. आम्ही तुमच्यापासून लपवलं."

आणि तो गप्प बसला. तो गप्प बसला हे मला आजही मोठं वाटतं. खोलीतली निम्मी माणसं 'तुमच्या हृदयामुळं' म्हणायला पुढे झाली होती. त्याने नुसता हात वर करून त्यांना थांबवलं.

आबा देवघराशेजारच्या फोटोकडे बघून म्हणाले, "आनि ते? कुस्तीचं?"

"ते मी बनवलं. काका तसं कधीच बोलले नव्हते. तुम्ही फोन करू नये म्हणून मी सांगितलं."

आबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांना रडताना मी सासूबाई गेल्या तेव्हा सुद्धा पाहिलं नव्हतं. रडता रडता ते म्हणाले, "वरीसभर शिव्या घातल्या रं मी त्येला. मेलेल्या मान्साला. गावभर सांगत सुटलो, खोटारडा हाय म्हनून." मलाही रडू आवरेना. संपतदादांच्या बायकोने, म्हणजे आमच्या जाऊबाईंनी, मघाशी अर्धवट राहिलेलं रडणं पुन्हा सुरू केलं, आणि या वेळी ते खरं होतं.

आबांनी टॉवेलने तोंड पुसलं. मग धनंजयला जवळ ओढून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "जाताना माझं नाव काडलं का त्येनं?"

इंगवल्यांकडे या प्रश्नाचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. आमच्यात आजवर जो कोणी गेला त्याने जाताना विचारणाऱ्याचं नाव काढलेलंच आहे. संपतदादांचं तोंड 'हो'साठी उघडलंसुद्धा होतं. माझ्याही मनात आलं, म्हण बाबा हो, कोणाचं काय जातंय, एवढ्याने म्हातारा सुखी होईल.

धनंजय म्हणाला, "नाही आबा. काकांना शुद्ध नव्हती. त्यांनी कोणाचंच नाव नाही काढलं."

मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. आबांनी त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. मग त्यांनी मान हलवली.

"व्हय म्हनला असतास," ते म्हणाले, "तर ह्यातलं कायबी खरं मानलं नसतं मी."

थोड्या वेळाने त्यांनी आणखी एक विचारलं. म्हणजे ती कुस्ती आपणच मारली होती ना. धनंजय म्हणाला, हो आबा, तुम्हीच. आबा परत रडले, पण या खेपेला मधे मधे हसतही होते. गोंडा किती जड होता आणि त्याला उचलताना कमरेत कशी चमक भरली, हे त्यांनी सगळ्यांना पुन्हा सांगितलं आणि सगळ्यांनी पुन्हा ऐकलं.

जेवणं झाल्यावर आबांनी जाहीर केलं की ते सुतक पाळणार. संपतदादांनी समजवायला बघितलं. गोंडाकाका ना नात्यातले ना जातीतले, आणि सुतक असलं तरी कधीच फिटून गेलं. आबा म्हणाले, "तुमास्नी फिटलं असंल. माजं आत्ता लागलंय." त्यांनी स्वच्छ धोतर नेसलं आणि सांगितलं की गाडी आणलीच आहे तर रिकामी नेऊ नका, मला शिरोळला गोंडाच्या घरी, वहिनीकडं घेऊन चला. कोणालाच कपडे बदलावे लागले नाहीत.

आम्हीही त्यांच्याबरोबर निघालो. साताऱ्याच्या अलीकडे धनंजयचा फोन वाजला. बोगद्याच्या कंपनीतली मुलगी होती. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे मागच्या बाकापर्यंत सगळ्यांना ऐकू आलं. मुदत संपली होती आणि आकडा तिच्यासमोर होता: चार तास. ती अभिनंदन म्हणाली आणि परवापासूनच कामावर या, बोगद्यात पाणी लागलंय, असंही म्हणाली. हे तिने पहिल्याच मिनिटात सांगितलं, म्हणजे कंपनी बरी असावी.

मी त्याचा हात घट्ट धरला. धनंजयने मागे वळून आबांकडे बघितलं. ते खिडकीला डोकं टेकून बसले होते.

"परवा नाही जमणार," तो फोनमध्ये म्हणाला. "तेरा दिवसांनी येईन. घरात सुतक आहे."

मुलगी वरमली. तिने विचारलं, कोण गेलं.

"वडिलांचे मित्र. बाळगोंडा पाटील."

कधी गेले, तिने विचारलं.

"गेल्या वर्षी, श्रावणात," धनंजय म्हणाला. 'गेल्या वर्षी?' असं तिने पुन्हा विचारलं, तेव्हा त्याने पुढचं सांगितलं. "आमच्या घरी ते आज दुपारी गेले."